निवड समितीतल्या साहेबांना खुलं पत्र: होमसायन्सच्या मॅडम फक्त पोह्यांसाठी नसतात

नमस्कार साहेब,

आणि मॅडम, पण निवड समितीत मॅडम फारशा नसतातच, असल्या तर टोकाच्या खुर्चीत असतात आणि त्यांना बिचाऱ्यांना शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" एवढंच विचारलं जातं, म्हणून साहेबच म्हणते.

तुम्ही म्हणजे कोण, ते आधी स्पष्ट करते नाहीतर प्रत्येकाला वाटेल शेजारच्याला लिहिलंय. शेतकऱ्यांना नवं तंत्र दाखवणारी कृषी विज्ञान केंद्रं, म्हणजे केव्हीके, चालवणाऱ्या संस्थांचे अध्यक्ष, सचिव, विश्वस्त, आणि मुलाखतीच्या दिवशी त्यांच्या बाजूला बसणारे बाहेरचे तज्ज्ञ. आपल्या राज्यात पन्नासच्या आसपास केव्हीके आहेत, त्यातली बरीच खाजगी संस्थांकडे आहेत, म्हणजे पैसा आयसीएआरचा, दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेचा, आणि माणसं संस्थेची. तर ही माणसं निवडता ते तुम्ही.

मी २०२४ ला रिटायर झाले. कुठल्या केव्हीकेतून ते सांगत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत आणि मला कुणाशी भांडण उकरायचं नाही. गृहविज्ञानाची म्हणजे होमसायन्सची पोस्ट, १९९४ ला लागले, तीस वर्षं केली आणि ज्या पायरीवर चढले त्याच पायरीवरून उतरले. पत्र लिहायचं डोक्यात बरेच दिवस होतं, पण परवा एका मुलीचा फोन आला आणि मग राहवलं नाही. परभणीची होमसायन्सची एमएस्सी, नेट परीक्षा पास, हुशार पोरगी. मुलाखत देऊन एसटी स्टँडवर बसली होती आणि तिथूनच फोन केला. म्हणाली मॅडम, त्यांनी विचारलं लग्न झालंय का, मिस्टर काय करतात, फिरती जमेल का, आणि मग एकांनी विचारलं की बाजरीचं बिस्कीट फुटू नये म्हणून काय करायचं. झालं. संपली मुलाखत.

साहेब मला १९९४ ला चकली विचारली होती.

खरंच सांगते. पाच जण बसलेले, तिसऱ्यांनी विचारलं, चकली बिघडली तर कारण काय. मी सांगितलं मोहन कमी पडलं तर कडक होते, जास्त झालं तर तेलात विरघळते. सगळे हसले, छान छान म्हणाले, माझी निवड झाली. माझा एमएस्सीचा प्रबंध टेबलावर होता, शेतात वाकून काम करताना बाईच्या हृदयाचे ठोके किती वाढतात, कुठल्या कामाला किती शक्ती जाते ह्याच्यावर होता, सहा महिने मी निंदणाऱ्या बायकांच्या मागे घड्याळ घेऊन फिरले होते. तो कुणी उघडला नाही. माझ्या आधी जो ॲग्रॉनॉमीचा, म्हणजे पीकशास्त्राचा, मुलगा आत गेला होता त्याला त्याच्या प्रबंधावर वीस मिनिटं विचारलं, तो बाहेर येऊन घाम पुसत होता. मला त्याचा हेवा वाटला होता तेव्हा. आता चकलीच्या जागी मिलेट आलंय, एवढाच काय तो तीस वर्षांतला बदल.

आता तुम्ही म्हणाल बाई, एका प्रश्नावरून एवढं काय. तर सांगते. जो प्रश्न मुलाखतीत विचारता तेच काम नंतर तुम्ही देता. आमच्याकडे कुठलाही मोठा कार्यक्रम असला, शेतकरी मेळावा, मंत्र्यांची भेट, दिल्लीची टीम, की आदल्या दिवशी समित्यांचा कागद निघायचा. प्रक्षेत्र भेट समिती: ॲग्रॉनॉमीचे साहेब. प्रदर्शन समिती: हॉर्टिकल्चरचे साहेब. भोजन, चहापान, स्वागत, रांगोळी, सूत्रसंचालन: गृहविज्ञानच्या मॅडम. तीस वर्षात ह्या कागदावर एकदाही माझं नाव दुसऱ्या रकान्यात गेलं नाही. पाहुणे यायचे, प्लॉटवर फिरायचे, फोटो व्हायचे, आणि मी तेव्हा कुठे असायचे तर मंडपामागे, आचाऱ्याला सांगत असायचे की व्हीआयपीच्या भाजीत तिखट कमी टाक. बरं गंमत म्हणजे स्वयंपाक माझा विषयच नव्हता हो, मी फॅमिली रिसोर्स मॅनेजमेंटची, म्हणजे घरातलं काम, वेळ, कष्ट ह्यांचं नियोजन. एकदा कंटाळून मी म्हटलं की पिकांचे रोग ज्यांना कळतात त्यांना आजाऱ्याची शुश्रूषा समिती का नाही देत, तर सगळे हसले आणि पुढच्या वेळी रांगोळीला अजून एक मुलगी दिली मदतीला.

जीपचं सांगते आता, कारण ते बाहेरच्यांना कळत नाही. केव्हीकेत मंजूर पदं सोळा असतात, त्यात वरती एक हेड आणि खाली सहा विषय विशेषज्ञ, म्हणजे माझ्यासारखे एकेका विषयाचे तज्ज्ञ. आणि गाडी चालती असेल ती बहुतेक एकच. ती सकाळी नऊला निघते आणि पाचला परत येते कारण ड्रायव्हरची ड्युटी. आता ज्या बाईला मला भेटायचंय ती पहाटे पाचला उठून, स्वयंपाक करून, नऊला शेतात गेलेली असते. सहाला येते. मग पाणी, गुरं, स्वयंपाक. ती मोकळी होते रात्री साडेआठला. म्हणजे पुरुष शेतकरी भेटतात त्या वेळी गाडी आहे आणि बाया भेटतात त्या वेळी गाडी नाही, इतकं सरळ आहे ते. मी पहिली आठ-दहा वर्षं एसटीने मुक्कामाला जायचे, अंगणवाडीताईच्या घरी झोपायचे, सकाळच्या पहिल्या गाडीने परत. घरी लहान मूल. सासूबाई होत्या म्हणून निभावलं, नाहीतर मी पण तिसऱ्या वर्षी सोडलं असतं जसं माझ्या बॅचच्या निम्म्या जणींनी सोडलं. आणि तुम्ही मुलाखतीत विचारता फिरती जमेल का. फिरती जमते साहेब. गाडी जमवा की तुम्ही.

हे दुखणं आजचं नाही. २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, नंतर ब्लॉक उभे राहिले, तेव्हाच्या ठराविक ब्लॉकमध्ये दहा ग्रामसेवक आणि दोन ग्रामसेविका असायच्या. दहाला दोन. गावातली निम्मी माणसं दोघींच्या वाट्याला आणि उरलेली निम्मी दहा जणांच्या वाट्याला. तरी त्या बायकांनी काय काय केलं, बिनधुराची चूल नेली, महिला मंडळं उभी केली, बालवाड्या काढल्या, नऊवारीत सायकल चालवणाऱ्या ग्रामसेविकेचं वर्णन माझ्या आईने मला केलंय, अख्खं गाव बघायला जमायचं म्हणे. मग नंतर टी अँड व्ही आली, जागतिक बँकेच्या बेनॉर साहेबांची ती ट्रेनिंग अँड व्हिजिट पद्धत, पंधरवड्याला भेट, पिकाचे ठरलेले संदेश, बाकी काही बोलायचं नाही. त्यात घर, बाई, पोषण हे सगळं दुसऱ्या खात्याचं झालं. शेतीचं खातं पुरुषाचं आणि बाईचं खातं म्हणजे अंगणवाडी. जणू काय शेतात बाई नसतेच.

आणि हे जिथून आपण उचललं तिथलं पण ऐका. आपल्याकडचा हा विस्ताराचा, म्हणजे शेतीचं ज्ञान गावापर्यंत न्यायचा, सगळा सांगाडा पन्नासच्या दशकात अमेरिकन मदतीने, तिथलं बघूनच उभा राहिला. तिथे १९१० साली साउथ कॅरोलिनातल्या एका शाळामास्तरीणबाईंनी, मारी क्रोमर त्यांचं नाव, मुलींचे टोमॅटो क्लब काढले. का, तर मुलांचे मक्याचे क्लब होते आणि मुलींना काहीच नव्हतं. प्रत्येक मुलीने एकराचा दहावा हिस्सा लावायचा, म्हणजे आपले चार गुंठे बघा, टोमॅटो पिकवायचा, डब्यात भरायचा, विकायचा आणि पैसे स्वतःचे. पुढे १९१४ च्या तिथल्या विस्ताराच्या कायद्यात, स्मिथ-लिव्हर कायद्यात, शेतीच्या जोडीला होम इकॉनॉमिक्स कायद्यातच लिहिलं गेलं आणि त्याच क्लबांमधून फोर-एच ही तिथली मुलामुलींची संघटना वाढली. म्हणजे विस्तारात ह्या विषयाची सुरुवात पाककृतीने नाही झाली, मुलीच्या हातात स्वतःचा पैसा यावा इथून झाली. तिकडेही त्या बायकांच्या वाट्याला पगार कमीच यायचा हं, तिकडचं सगळं सोनं असं मी म्हणत नाही.

आता तुम्हाला माझंच एक सांगते, कारण ह्याच्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले.

आमच्या दत्तक गावात एक युवक मंडळ होतं आणि मी तिथे युवतींचं मंडळ काढलं, तेरा-चौदा मुली, दहावी-बारावी होऊन घरी बसलेल्या, लग्नाची वाट बघत. केव्हीकेच्या कामात ग्रामीण युवकांचं प्रशिक्षण हा वेगळा रकाना असतो, त्यात मी मुलींना घालायचे, वर विचारलं तर युवक म्हणजे युवती पण येतात म्हणून सांगायचे. तर त्या वर्षी कुठल्याशा योजनेतून गावाला साहित्य आलं, मुलांना व्हॉलीबॉल आणि नेट, मुलींना एक शिलाई मशीन. मुली रुसल्या. त्यांना व्हॉलीबॉल पाहिजे होता! एक तर म्हणाली मॅडम आम्ही शाळेत जिल्ह्याला खेळून आलोय, त्यांना सर्व्हिस तरी येती का. मी मुलांशी बोलून संध्याकाळी एक तास नेट मुलींना मिळवून दिलं, त्यावरून गावात थोडी बोंबाबोंब झाली, ते असो.

मशीन राहिली पडून. तेव्हा कापूस वेचणीचा सीझन होता आणि मी वेचणीचा कोट दाखवायला नेला होता, प्रात्यक्षिकासाठी. तुम्ही कापूस वेचणारी बाई बघितली असेल, साडीची नाहीतर ओढणीची ओटी बांधते कमरेला, त्यात पाच-सहा किलो जमेपर्यंत ते वजन ओढत वाकून चालते, मग पालावर जाऊन रिकामं करते, परत बांधते. बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचून बोटं फाटलेली असतात. तर मी कोट घालून दाखवला, पुढे मोठा खिसा असलेला, वजन खांद्यावर जातं, कंबर सुटते वगैरे समजावलं. बायका गप्प. एक आजी म्हणाली, "मॅडम, हे घालून बाई पोटुशी दिसायली, अन खालचं बोंडच दिसना."

सगळ्या जणी खदखदून हसल्या आणि मी पण. पण आजी बरोबर होती. खिसा भरला की पुढे फुगा यायचा आणि झाडाच्या खालच्या अंगाची बोंडं दिसायची नाहीत, म्हणजे बाई अजूनच वाकायची. त्या रात्री त्या व्हॉलीबॉलवाल्या पोरीने कोट उसवला. खिसा मधून कापून दोन्ही कुशींना दोन केले, आणि खाली शिवण न घालता नाडी टाकली, नाडी ओढली की कापूस सरळ पालावर, कोट काढायलाच नको. दुसऱ्या दिवशी आजीला घातला. आजीने दोन ओळी वेचल्या आणि कोट परतच दिला नाही, तो गेलाच आमचा. मग मुलींनी त्या मशीनवर खताच्या धुतलेल्या गोण्या आणि जुन्या चादरी कापून कोट शिवले आणि आजूबाजूच्या चार गावात विकले, पैसे वाटून घेतले. एकीने त्यातून स्वतःची कॉलेजची फी भरली. मी दोन्ही कोटांचं वजन, वेळ, दिवसात किती वेळा कंबर सरळ करायला थांबावं लागतं, सगळं वहीत मोजून ठेवलं होतं, तेच माझं शिक्षण.

महिनाअखेरीस मासिक प्रगती अहवाल गेला. त्यात माझ्या ह्या कामाची नोंद अशी झाली: महिला प्रशिक्षण १, विषय शिवणकाम.

फोटोत मशीन होती ना. टाइप करणाऱ्याने मशीन बघितली, मुली बघितल्या, शिवणकाम लिहिलं, हेडनी सही केली. मी दुरुस्ती मागितली तर म्हणाले मॅडम काय फरक पडतो, संख्या तर आली ना. फरक काय पडतो ते मला दहा वर्षांनी कळलं जेव्हा एका पदासाठी मी अर्ज केला आणि समोरच्यांनी माझ्या कामाची यादी वाचून दाखवली, शिवणकाम, लोणची-पापड, आवळा कँडी, परसबाग, महिला दिन. वाचता वाचता त्यांचा आवाज असा बारीक होत गेला. कष्ट कमी करणारी अवजारं, किशोरींचं हिमोग्लोबिन, बचत गटाचा धंदा, सगळं त्या चार शब्दांत गाडलेलं होतं. सोयाबीनच्या प्लॉटला हेक्टरी क्विंटल असतात, ते वाचताना आवाज बारीक होत नाही कुणाचा.

आणि ही पायरी तरी बघा कशी आहे. विषय विशेषज्ञ पगाराच्या लेव्हल १० ला, हेड लेव्हल १३ अ ला. मधे काय? संस्थेच्या केव्हीकेत मधे काही नाही, नुसती हवा. विद्यापीठात असाल तर बढतीची निदान रांग तरी आहे, संस्थेत असाल तर उडी मारा नाहीतर बसा. पेन्शनचं, ग्रॅच्युइटीचं रडगाणं सगळ्याच विषयांच्या लोकांचं आहे, समान काम समान सेवाशर्ती म्हणून सगळेच मागतायत, ते मी इथे परत गात नाही. पण उडी मारताना ॲग्रॉनॉमीवाल्याच्या पायाखाली प्लॉट असतो आणि आमच्या पायाखाली पोह्यांची कढई, एवढाच मुद्दा आहे.

मधे आमच्या डिग्रीचंच नाव बदललं, होमसायन्सचं कम्युनिटी सायन्स झालं, मराठीत सामुदायिक विज्ञान. परभणीचं कॉलेज १९७६ चं, मी शिकले तेव्हा होमसायन्सच्या पोरी म्हणून चिडवायचे आम्हाला ॲग्रीची मुलं. नाव बदललं तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू, वाटलं आता तरी चकली सुटेल. नाही सुटली.

गावातल्या मुलींची अजून वेगळी कथा. ती व्हॉलीबॉलवाली पोरगी पुढे नेहरू युवा केंद्राची स्वयंसेवक झाली, तिथे तेव्हा महिन्याला पाच हजार मानधन आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. दोन वर्षं तिने रान उठवलं, पंचवीस गावात मंडळं काढली, आणि दोन वर्षं झाली की संपलं, घरी. तो अनुभव तिला पुढे कुठल्या भरतीत उपयोगी पडला नाही. आता २०२३ पासून केंद्राचं मेरा युवा भारत आलंय, पोर्टलवर नोंदणी आहे, चांगलंय. उमेदमध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात, कृषी सखी, पशुसखी आहेत, गावात आज खरा विस्तार त्याच करतायत, मानधनावर. ह्यातली एखादी पुढे शिकून विषय विशेषज्ञ झाली असं तुम्ही बघितलंय का? मी नाही बघितलं. आमच्या क्षेत्रात बाईला कुठेही आत यायला दार आहे, वर जायला जिना नाही.

मग मागणी काय, तर फार नाही. पुढच्या मुलाखतीला जी मुलगी समोर येईल तिचा प्रबंध उघडा, निदान पहिली दहा पानं वाचून या. लग्न आणि मिस्टर सोडा, ते ॲग्रॉनॉमीच्या मुलाला विचारत नाही ना, मग झालं. आठवड्यातले दोन दिवस गाडी दुपारी चार ते रात्री दहा ठेवा आणि ड्रायव्हरला त्याची सुट्टी द्या, ह्याला दिल्लीची परवानगी लागत नाही, हेडची सही पुरते. अहवालात कष्ट मोजायचा रकाना करा, कारण ते मोजता येतात, आम्हाला मोजायलाच शिकवलंय. मंडळात, मानधनावर काम केलेल्या मुलीला भरतीत त्याचे मार्क द्या. आणि जेवणाला केटरर सांगा हो, परवडतो आता सगळ्यांना.

आणि रिकाम्या पोस्ट भरा. मी ज्या दिवशी रिटायर झाले त्या दिवशी नारळ, शाल, सगळं छान झालं, भाषणात तिघांनी माझ्या हाताच्या चवीचं कौतुक केलं. मग मी विचारलं चार्ज कुणाला देऊ. तर हेड म्हणाले सध्या हॉर्टिकल्चरच्या साहेबांकडे राहू द्या, बघू जाहिरातीचं. ते साहेब चांगला माणूस आहे, पण त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की मॅडम, महिला दिनाला नक्की काय काय करायचं असतं. अजून ती जाहिरात निघालेली नाही.

आपली,
एक रिटायर्ड विषय विशेषज्ञ, गृहविज्ञान
मराठवाडा

ता.क. ज्या संस्थेतून मी निघाले त्यांनी हे वाचलं तर त्यांना कळेलच. माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात वेचणीच्या कोटाचे खाकी कागदाचे कटिंग आहेत, तीन मापांचे, उंच, मध्यम, बुटकी, प्रत्येकावर पेनने लिहिलंय. त्याच्या खाली निळी वही आहे, त्यात मोजमापं आहेत. व्हॉलीबॉलचं नेट पण तिथेच आहे, गावातून दुरुस्तीला आलं होतं ते न्यायचं राहिलं. किल्ली ऑफिसच्या खिळ्यावर, लाल दोरीची. नवीन मॅडम येतील तेव्हा त्यांना द्या, पण कपाटाला मागून भोक आहे आणि उंदरांना खाकी कागद फार आवडतो, म्हणून जरा लवकर.